थंडीतला गॅलन आणि जुन्या गाडीचा धनी

पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वी आपल्या आठवडेबाजारात धान्य पायलीने मोजले जाई. पायली तीच, पण धान्य ओले की सुके, मापाला शीग लावली की ते सपाट केले, भरणाऱ्याचा हात सैल की घट्ट, यावर गिऱ्हाइकाच्या पदरात किती दाणा पडे ते ठरत असे. गावोगावच्या शेराची आणि मणाचीही तीच कथा होती. १९५६ च्या प्रमाणित वजनमापांच्या कायद्याने किलो आणि लिटर आले आणि मापाचा वाद कायमचा मिटला, असे सर्वांना वाटले. तेव्हापासून आपण भाव पाहतो, भावावरून घासाघीस करतो, भाव वाढला की मोर्चे काढतो. मापाकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. माप सरकारने ठरविलेले आहे, त्यावर शिक्का आहे, म्हणजे त्यात येणारी वस्तूही तीच असणार, असे आपण धरून चालतो.

हे गृहीत नेहमीच खरे असते असे नाही. माप काटेकोर असूनही त्यातून मिळणारा उपयोग ऋतूनुसार आणि घेणाऱ्याच्या परिस्थितीनुसार बदलू शकतो. याचे एक बोलके उदाहरण उत्तर अमेरिकेतील थंड मुलखात दर हिवाळ्यात पाहावयास मिळते. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, मोंटाना ही अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये आणि त्यांना लागून असलेले कॅनडाचे मॅनिटोबा व सस्कॅचेवान हे प्रांत, या पट्ट्यात जुनी डिझेल पिकअप गाडी बाळगणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नोव्हेंबर उजाडला की त्यांच्यात एकच तक्रार सुरू होते : उन्हाळ्यात गॅलनमागे जेवढे मैल मिळत होते तेवढे आता मिळत नाहीत. आपल्याकडील टेंपोवाल्याच्या भाषेत सांगायचे तर गाडीचे ‘ॲव्हरेज’ पडते. दोष बहुधा पंपावरील ‘हिवाळी डिझेल’च्या माथी मारला जातो. ही तक्रार कितपत खरी, आणि खरी असेल तेवढ्या भागाचा भुर्दंड कोणाच्या खिशातून जातो, हा केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे.

पोटासाठी पाळलेली गाडी

या गाड्यांचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर अमेरिकेतील मोटार कारखानदार कमी इंधनात अधिक काम करणाऱ्या इंजिनाच्या शोधात होते. जनरल मोटर्सने १९८२ च्या सुमारास ६.२ लिटरचे डिझेल इंजिन पिकअपमध्ये बसविले. फोर्डने पुढच्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे ६.९ लिटरचे इंजिन घेतले. १९८९ मध्ये डॉज कंपनीच्या गाडीत कमिन्सचे सहा सिलिंडरांचे ५.९ लिटरचे इंजिन आले, आणि पिकअप म्हणजे डिझेलच, असे समीकरण शेतकरी व कारागीर वर्गात रूढ होऊ लागले.

मराठी वाचकाला कमिन्स हे नाव परके नाही. याच कंपनीच्या सहकार्याने १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली आणि कोथरूडला इंजिने बनू लागली. पुढे १९९३ मध्ये टाटांबरोबर भागीदारी होऊन जमशेदपुरात याच ५.९ लिटर घराण्यातील इंजिने आपल्या मालमोटारींसाठी तयार होऊ लागली. तेव्हा मोंटानाच्या बर्फात कण्हणारे यंत्र आणि आपल्या घाटात माल ओढणारे यंत्र ही एका अर्थाने चुलत भावंडेच आहेत.

ही इंजिने दीर्घायुषी ठरली. वीस-पंचवीस वर्षे झालेल्या अनेक गाड्या आजही कामावर आहेत. नवी डिझेल पिकअप घ्यायची तर मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाचे वर्षभराचे उत्पन्न सहज खर्ची पडते. म्हणून सुतार, गवंडी, नळकाम करणारा, गुरे पाळणारा, रस्त्यावरचे बर्फ हटविण्याची कंत्राटे घेणारा, असा कष्टकरी माणूस दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी घेतो आणि तिच्यावर पोट भरतो. हौसेने जुन्या गाड्या बाळगणारेही आहेत, नाही असे नाही. पण या लेखातील प्रश्न त्यांचा नाही. ज्याच्या दृष्टीने गाडी हे भांडवल आहे आणि डिझेल हा रोजचा कच्चा माल आहे, त्याचा हा प्रश्न आहे.

थंडी कोठे कोठे हात मारते

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्राचे तत्त्व असे की, सिलिंडरातील हवा दट्ट्याने इतकी दाबावयाची की ती तापून तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेईल. म्हणजे उष्णता हाच या इंजिनाचा प्राण. बाहेरची हवा उणे वीस अंश आणि सिलिंडराच्या भिंती बर्फासारख्या गार, अशा स्थितीत दाबलेल्या हवेची उष्णता धातूच शोषून घेतो. इंधन उशिरा पेटते, अर्धवट जळते आणि पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. ग्लो प्लग किंवा आत येणारी हवा तापविणारी जाळी ही उणीव काही अंशी भरून काढतात. पण जुन्या गाडीतील हे भागही झिजलेले असतात.

दुसरी गोष्ट वंगणाची. थंडीत तेल काकवीसारखे घट्ट होते. इंजिनातील, गिअरमधील आणि मागच्या आसाच्या डिफरन्शियलमधील तेल ढवळण्यातच शक्ती खर्च होते. इंजिन तासाभरात तापते, पण मागच्या आसातील तेल ऊबदार होण्यास बराच अवधी लागतो. फोर्डच्या १९९४ नंतरच्या ७.३ लिटरच्या इंजिनात तर इंधन फवारण्याचे कामच इंजिनातील तेलाच्या दाबावर चालते. तेथे तेल घट्ट झाले की गाडीचा श्वासच अडखळतो.

तिसरी गोष्ट हवेची. गार हवा जड असते. उणे वीस अंशांची हवा अधिक वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सोळा टक्के अधिक घन असते, आणि चालत्या गाडीला होणारा हवेचा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. कपाटासारख्या चौकोनी बांध्याच्या पिकअपला महामार्गावर हा विरोध चांगलाच जाणवतो. शिवाय तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरातील हवेचा दाब सुमारे एक पौंडाने उतरतो आणि मऊ टायर अधिक शक्ती खातो. बर्फावर चारही चाकांना जोर देऊन गाडी चालवावी लागते, तो खर्च आणखी वेगळा.

अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याने पेट्रोलवरील साध्या मोटारींसाठी दिलेला आडाखा असा आहे की, पंचवीस अंशांवरून तापमान उणे सात अंशांवर गेले की गॅलनमागील मैल सुमारे १५ टक्क्यांनी घटतात, आणि पाच-सहा किलोमीटरांच्या छोट्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. या दोन आकड्यांमधील फरकच महत्त्वाचा आहे. हवा तीच, इंधन तेच. तरी छोट्या फेरीचे नुकसान मोठ्या फेरीच्या दीडपट. याचा अर्थ असा की थंडीचा दंड अंतरावर बसत नाही, तो प्रत्येक थंड सुरुवातीवर बसतो. इंजिन ऊबदार होईपर्यंतची मैलभराची वाट महाग असते, आणि ज्याचा सारा दिवसच अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रवासात जातो त्याला प्रत्येक वेळी तो दंड भरावा लागतो.

गॅलनमध्ये भरलेले असते काय?

आता पंपावरच्या डिझेलकडे वळू. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. उन्हाळ्यात ते विरघळलेले राहतात. तापमान पुरेसे उतरले की त्यांचे स्फटिक बनून डिझेल प्रथम गढूळ होते, मग गाळणीत अडकते आणि अखेर थिजते. म्हणून थंड प्रदेशात उन्हाळ्यात मिळणाऱ्या ‘क्रमांक दोन’च्या डिझेलमध्ये हिवाळ्यात रॉकेलच्या जातीचे पातळ असे ‘क्रमांक एक’चे डिझेल मिसळतात, किंवा थिजणे रोखणारी रसायने घालतात. हे पातळ इंधन वजनाने हलके असते, आणि म्हणूनच त्याच्या एका गॅलनमधील उष्णता ढोबळ मानाने चार-पाच टक्क्यांनी कमी भरते. निम्मे-निम्मे मिश्रण केले तर घट दोन-अडीच टक्क्यांची. २००६ पासून अमेरिकेच्या रस्त्यांवर गंधक जवळजवळ काढून टाकलेले डिझेल आले, त्यातही सुमारे एक टक्का उष्णता कमी झाली. पण ती बाराही महिने सारखीच असते, तिचा हिवाळ्याशी संबंध नाही.

चांदीचे प्रमाण घटवून त्याच शिक्क्याने पाडलेले नाणे आणि हा हिवाळी गॅलन यांत काही साम्य आहे. पंपावरील आकडा तोच, शिक्का तोच, आतला ऐवज किंचित कमी. गंमत अशी की करही मापावर बसतो, ऐवजावर नाही. अमेरिकेचा केंद्रीय डिझेल कर गॅलनला २४.४ सेंट आहे. १९९३ मध्ये झालेल्या वाढीनंतर तो त्यापुढे गेलेला नाही. राज्यांचे कर निराळे. कर मूल्यावर नसून परिमाणावर असल्याने कमी उष्णतेच्या गॅलनवरही तो पुरताच भरावा लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. थंडीत इंधन आकसते, त्यामुळे एका गॅलनात थोडे अधिक वस्तुमान मावते. वीस अंशांच्या फरकाने दीड टक्क्याहून थोडे जास्त. अमेरिकेत किरकोळ विक्रीच्या पंपावर सामान्यत: तापमानाची दुरुस्ती केली जात नाही, तेव्हा हा लाभ गिऱ्हाइकाला मिळतो; टाक्या जमिनीखाली असल्याने प्रत्यक्षात तो त्याहून कमी, एवढेच. कॅनडात मात्र पंपाचे माप पंधरा अंशांच्या तापमानाशी जुळवून घेण्याची पद्धत आहे. तेथे हिवाळ्यात गिऱ्हाइकाला मिळणारा ‘लिटर’ आकारमानाने प्रत्यक्ष लिटरपेक्षा लहान भरतो. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे थंडी एक, गाडी एक, इंधन एक. पण मापाचा न्याय वेगळा. दोन्ही पद्धतींच्या बाजूने युक्तिवाद करता येतो. माप ही निसर्गदत्त वस्तू नसून समाजाने केलेला करार आहे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

हिशेब मांडून पाहू

आता वरील साऱ्या गोष्टी एका काल्पनिक हिशेबात बसवू. एका कारागिराची जुनी डिझेल पिकअप उन्हाळ्यात गॅलनला १६ मैल देते असे समजू; म्हणजे आपल्या भाषेत लिटरला सुमारे ६.८ किलोमीटर. हिवाळ्यात तीच १३ मैलांवर, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटरांवर येते. महिन्याला १,००० मैल आणि हिवाळ्याचे चार महिने धरले, तर उन्हाळी हिशेबाने २५० गॅलन पुरले असते. हिवाळ्यात ३०८ लागतात. जादा लागले ५८ गॅलन. सोयीसाठी भाव गॅलनला चार डॉलर धरला, तर भुर्दंड झाला २३२ डॉलरांचा.

हे ५८ गॅलन गेले कोठे? हिवाळी मिश्रणामुळे फार तर सात-आठ गॅलन. हा गृहस्थ रोज सकाळी काच वितळेपर्यंत, दुपारी कामाच्या जागी, संध्याकाळी दुकानासमोर, अशी मिळून चाळीस मिनिटे गाडी जागच्या जागी चालू ठेवतो असे समजू. अशा रिकाम्या चालण्याला तासाला अर्धा गॅलन धरला आणि महिन्याचे पंचवीस दिवस मोजले, तर चार महिन्यांत ३३ गॅलन त्यातच संपतात. उरलेले सतरा-अठरा गॅलन घट्ट तेल, जड हवा, मऊ टायर आणि बर्फ यांच्या वाट्याला जातात.

म्हणजे ज्या पंपवाल्यावर सारा राग निघतो त्याचा वाटा साताठ गॅलनांचा, आणि ज्याची कोणी तक्रार करीत नाही त्या उभ्या गाडीचा वाटा त्याच्या चौपटीहून अधिक. त्यातही दैवदुर्विलास असा की, डिझेल इंजिन जागच्या जागी चालवून लवकर तापतच नाही. त्यात येणारी हवा पेट्रोल इंजिनाप्रमाणे रोखली जात नाही. थोडेसे इंधन आणि भरपूर गार हवा असा कारभार चालतो, आणि इंजिन कोमटच राहते. बेताच्या वेगाने चालविलेली गाडी त्याहून लवकर ऊब धरते. गाडी उभी ठेवून ती तापेल म्हणून वाट पाहणे म्हणजे ओल्या लाकडांची चूल फुंकण्यासारखे आहे. धूर पुष्कळ, आच थोडी.

आकडे कसे फसवतात

मग हे सारे लोकांच्या ध्यानात का येत नाही? याचे एक कारण मोजण्याच्या रीतीत दडले आहे. अमेरिकेत इंधनक्षमता ‘गॅलनमागे मैल’ अशी सांगतात. आपण ‘लिटरमागे किलोमीटर’ सांगतो. दोन्हींचा दोष एकच. २००८ मध्ये ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, या रीतीमुळे माणसांचा खर्चाविषयीचा अंदाज पद्धतशीरपणे चुकतो. हजार मैलांचा प्रवास घ्या. छोट्या मोटारीचे ॲव्हरेज ३० वरून २७ मैलांवर उतरले, तर जादा इंधन लागते पावणेचार गॅलन. आपल्या जुन्या पिकअपचे १६ वरून १३ वर उतरले, तर लागते साडेचौदा गॅलन. दोघांनीही ‘तीन मैल’च गमावले, पण एकाचा तोटा दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट. ज्याची गाडी आधीच खादाड, त्याला प्रत्येक मैलाची घसरण अधिक महाग पडते. हिशेब ‘शंभर मैलांना किती गॅलन’ असा मांडला असता तर हे लहान मुलालाही कळले असते.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. १९७५ च्या ऊर्जा कायद्यानंतर अमेरिकेत नव्या मोटारीवर इंधनक्षमतेचा अधिकृत आकडा लावणे सक्तीचे झाले, आणि २००८ च्या मॉडेलांपासून त्या आकड्यात उणे सात अंशांतील चाचणीचाही समावेश झाला. परंतु मालासह ८,५०० पौंडांहून अधिक वजनाच्या पिकअप या नियमातून वगळल्या गेल्या, आणि बहुतेक डिझेल पिकअप याच वर्गात मोडतात. २०१४ च्या मॉडेलांपासून या वर्गातील गाड्यांच्या कारखानदारांना इंधनक्षमतेचे काही नियम लागू झाले. तथापि त्याआधीच्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही. परिणामी ज्याला इंधनाचा खर्च सर्वांत अधिक, त्याच्याच गाडीला अधिकृत आकडा नाही. गाडीने किती द्यावयास हवे होते हेच ठाऊक नसेल, तर ती किती कमी देते हे मालकाने ठरवावे कसे? तो शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करतो, ऐकीव गोष्टींवर विसंबतो आणि शेवटी पंपवाल्याला दूषणे देतो. माहितीच्या अभावी बाजार अपुरा ठरतो, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवितो. त्याचे इतके घरगुती उदाहरण क्वचितच सापडेल.

भार कोणाच्या माथ्यावर

२३२ डॉलर ही रक्कम अमेरिकेच्या मानाने मोठी नाही, असे कोणी म्हणेल. सरासरी माणसाच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण ज्याला हा भुर्दंड बसतो तो सरासरी माणूस नसतो. ज्याच्या घराला गाडीखाना आहे त्याची गाडी रात्रभर वाऱ्यापासून सुरक्षित राहते. स्वत:चे घर आहे त्याला अंगणात विजेची जोडणी घेता येते. कचेरीत बसून काम करणाऱ्याची गाडी दिवसातून दोनदाच सुरू होते. उलट भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारागिराची गाडी रस्त्याच्या कडेला उभी, दिवसात सहा ठिकाणी फिरणारी, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा थंड होणारी. एकाच शहरातील एकाच थंडीची किंमत दोघांना वेगवेगळी पडते, आणि जो कमी मिळवतो त्याला ती जास्त पडते. कोणत्याही सरकारने न लादलेला, कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा हा प्रतिगामी कर आहे.

त्यात इंधनाच्या भावाची भर पडते. डिझेल आणि घरे तापविण्याचे तेल ही एकाच घाण्यातून निघणारी भावंडे. अमेरिकेच्या ईशान्य भागात कडाक्याची थंडी पडली की त्या तेलाची मागणी वाढते आणि डिझेलच्या भावावर ताण येतो. पूर्वी डिझेल स्वस्त असे म्हणून या गाड्या घेतल्या गेल्या. २००४ च्या उत्तरार्धापासून अमेरिकेत डिझेल साध्या पेट्रोलपेक्षा सामान्यत: महागच राहिले आहे. २०२२ च्या जूनमध्ये त्याचा देशभरातील सरासरी भाव गॅलनला ५ डॉलर ८० सेंटांच्या वर गेला होता. ज्या हिशेबावर गाडी घेतली तो हिशेब बदलला, पण गाडी तीच राहिली. कारण ती बदलण्याइतकी पुंजी हाती नाही.

जुन्या गाड्या मोडीत का काढू नयेत, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. तो अनाठायी नाही. जुन्या डिझेल इंजिनाची काजळी आरोग्याला घातक आहे आणि २००७ नंतरच्या गाड्यांत बसविलेल्या गाळण्यांनी ती फार मोठ्या प्रमाणात कमी केली, ही वस्तुस्थिती आहे. शेजाऱ्याच्या फुप्फुसांनी भरलेली किंमत मालकाच्या हिशेबात येत नाही, हेही खरे. पण नवी गाडी घेतली म्हणजे हिवाळ्याचा दंड चुकतो, असे मात्र नाही. त्या गाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी वेळोवेळी जादा इंधन खर्च होते, आणि छोट्या थंड फेऱ्यांत हे काम धड पुरे होत नाही. धूर शुद्ध करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण उणे अकरा अंशांवर गोठते. त्यासाठी पुन्हा तापविण्याची व्यवस्था करावी लागते. गरिबाला ‘नवी घे’ असे सांगणे सोपे असते. त्याला जुनीच नीट चालविण्याचे साधन मिळवून देणे, हे अधिक प्रामाणिक धोरण होय.

स्वस्त उपाय, महाग अडचण

आणि साधन फार मोठे नाही. नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये इंजिन तापविणाऱ्या विजेच्या हीटरचे पेटंट मिळाले. आज त्या थंड पट्ट्यात गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी विजेची वायर हे नेहमीचे दृश्य आहे, आणि विनिपेग किंवा अलास्कातील फेअरबँक्ससारख्या शहरांत वाहनतळावरही विजेचे खुंट उभे असतात. हजार वॉटचा असा हीटर रात्रभर, म्हणजे बारा तास, चालू ठेवला तर बारा युनिटे वीज जळते. युनिटला सोळा सेंट धरले तर सुमारे दोन डॉलर. तोच घड्याळाच्या बटणाला जोडून निघण्यापूर्वी तीन तास चालू केला तर अर्ध्या डॉलरच्या आत काम भागते, आणि इंजिन जवळजवळ तितकेच ऊबदार मिळते. फरक केवळ एका स्वस्त घड्याळाचा.

बाकीचे उपायही असेच. इंजिनातील थर्मोस्टॅट ही छोटीशी झडप उघडीच अडकून बसली, तर इंजिन कधी पुरते तापत नाही आणि मालक वर्षानुवर्षे हिवाळ्याला दोष देत राहतो. ती बदलण्याचा खर्च थोडका असतो. रेडिएटरपुढे जाड कापडाचा पडदा, थंडीला मानवणारे पातळ वंगण, महिन्यातून दोनदा टायरांची हवा तपासणे आणि छोट्या फेऱ्या एकत्र गुंफणे, एवढ्याने जादा ५८ गॅलनांपैकी बराच भाग वाचू शकतो. हे ज्ञान गुप्त नाही. पण विजेचा खुंट भाडेकरूला स्वत:च्या हाताने उभारता येत नाही; तो घरमालकाने, नगरपालिकेने किंवा काम देणाऱ्याने उभारावा लागतो. सार्वजनिक खर्चाचा सर्वांत चांगला परतावा कधी कधी अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंतून मिळतो. त्याच जोडीला हिवाळी मिश्रण कोणत्या प्रमाणात आहे आणि त्याच्या गॅलनमध्ये उष्णता किती, हे पंपावर लिहिण्याची सक्ती केली, तर गिऱ्हाइकाचा निम्मा संशय फिटेल आणि उरलेला निम्मा योग्य दिशेला वळेल.

आपल्यासाठी धडा

हा प्रश्न महाराष्ट्राचा नाही, हे उघड आहे. भारतीय मानकांनुसार आपल्याकडे साध्या डिझेलला हिवाळ्यात तीन अंशांपर्यंत वाहते राहावे लागते, आणि आपल्या पठारावर तेवढे पुरते. पण हाच देश लडाखपर्यंत पसरलेला आहे. उणे तीस अंशांच्या थंडीत तेथे साधे डिझेल थिजते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यातून तेथे खास हिवाळी डिझेल पाठविण्यास प्रारंभ केला. ते उणे ३३ अंशांपर्यंत थिजत नाही. भूगोलाप्रमाणे माल बदलावा लागतो, ही जाणीव त्यामागे आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र इंधन वाहते राहिले म्हणजे गाडीचा हिशेब सुटला असे नाही. थंड इंजिन, घट्ट वंगण आणि उभ्या गाडीत जळणारे डिझेल यांचा दंड लेहच्या मालवाहू चालकालाही चुकत नाही, आणि त्याच्याजवळ विजेचा खुंट बहुधा नसतोच.

आपल्याकडेही गाडीचा अधिकृत ॲव्हरेज प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत काढलेला असतो, आणि घाट, गर्दी, खड्डे, जादा माल यांत तो विरून जातो. जुना टेंपो चालविणारा, रिक्षावाला, दुधाच्या गाडीचा चालक यांचा खर्च त्या आकड्याप्रमाणे ठरत नाही. तो रस्त्यावर ठरतो. इंधनाचा भाव एका रुपयाने वाढला की त्याची बातमी होते. खराब रस्त्याने किंवा बिघडलेल्या झडपेने त्याच माणसाचा खर्च त्याहून अधिक वाढला, तर त्याची बातमी होत नाही, कारण त्याची पाटी कोठेच लागत नाही. भावाची चर्चा करणे हा नागरिकाचा हक्क आहेच. त्या भावात पदरात काय पडते आणि ते कोणाच्या पदरात कमी पडते, हे विचारण्याची सवय आपल्या शाळा-महाविद्यालयांतून आणि वर्तमानपत्रांतून लागली, तर पुढच्या भाववाढीच्या वेळी आपला वाद अधिक नेमका होईल.